ओझरात कळसूबाई

मे महिन्यातली भरदुपार. ओझरच्या धावपट्टीवर एक हेलिकॉप्टर उभं आहे. जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर. पण पारा ४० अंशांवर गेला की तापलेली हवा फुगून इतकी विरळ होते, की एरवी ती तशी १,६५० मीटरच्या आसपास सापडावी. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे जागचं न हलता स्वारी शिखरावर! पात्यांना ढकलायला हवा कमी, आणि इंजिनालाही तीच विरळ हवा ओढायची. दुहेरी मार.

हेलिकॉप्टर लिफ्टसारखं सरळ वर जातं, असा आपला समज. जाऊ शकतं, पण तो सगळ्यात महागडा मार्ग. जमिनीलगत असेतो पात्यांचा झोत खाली आपटून अडतो, त्यामुळे तरंगायला ताकद कमी लागते. ही सवलत पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंतच. दुसरी सवलत वेगाची. ताशी तीसेक किलोमीटरनं पुढे सरकू लागलं, की पात्यांना स्वतःच घुसळलेल्या हवेऐवजी ताजी हवा मिळू लागते. म्हणून जाणता वैमानिक जरासा उठतो, नाक खाली झुकवतो आणि जमिनीलगत पळत वेग घेतो. त्याला समोर मोकळी वाट लागते. समोर झाडं आणि तारा असतील, तर पहिली सवलत संपलेली आणि दुसरी अजून हाती नाही, अशा मधल्या टप्प्यात सगळा भार एकट्या इंजिनावर येतो. त्यात वारा फिरून पाठीमागून आला, तर मिळवलेला वेगही तो खातो.

२५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यात निलंग्याहून निघालेलं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं सिकॉर्स्की एस-७६ उडाल्यावर काही क्षणांतच खाली येऊ लागलं आणि विजेच्या तारांत अडकून कोसळलं. आतले सहाही जण बचावले. या हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे १३.४ मीटर, म्हणजे पहिली सवलत तेवढ्याच उंचीपर्यंत. गावाकडच्या तारा त्या उंचीच्या आगेमागेच असतात, आणि धुरकट पार्श्वभूमीवर त्या दिसतही नाहीत. वैमानिक तार शोधत नाहीत, खांब शोधतात.

ओझरची हवा काही वेगळी नाही, पण तिथे समोर तीन किलोमीटरची धावपट्टी आहे. सभेच्या मैदानावर आपण चुन्यानं 'एच' आखतो, धुरळा बसावा म्हणून टँकरनं पाणी मारतो. पलीकडचे खांब तसेच उभे असतात.