फेब्रुवारीत मोजलेला चिखलदरा

2011च्या जनगणनेचे मोजणीदार घरोघर फिरले ते फेब्रुवारीत. चिखलदऱ्याचा, विदर्भातल्या या थंड हवेच्या गावाचा, हा सगळ्यात सुनसान महिना. थंडीचे पाहुणे परतलेले, मे अजून यायचा, आणि गाव ज्याच्यावर पोट भरते तो पावसाळा तर पार लांब. त्या मोजणीत नगरपरिषदेच्या हद्दीत भरली पाच हजारांच्या आसपास माणसे. माथेरान आणि पन्हाळा याहून लहान, एवढेच समाधान. जुलैतल्या शनिवारी मात्र परतवाड्याकडून चढणाऱ्या गाड्यांची रांग पाहिली की हा आकडा खरा वाटत नाही.

अकोला, अमरावती समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटरवर, चिखलदरा अकराशेवर. हजार मीटर चढले की पारा साडेसहा अंशांनी उतरतो, या हिशेबाने वर पाच अंशांचा गारवा. अकोल्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पाच अंश म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला सांगून कळायचे नाही! 1823 साली हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने ही जागा हेरली म्हणतात. साहेब चढला तो उन्हाळा चुकवायला. आपण चढतो धुके बघायला आणि कुडकुडत भुट्टा खायला. हंगामच उलटला.

खरे तर जागा आधीच हेरलेली होती. शेजारच्या गाविलगडाला दक्षिणेकडून, म्हणजे पयनघाटाच्या, खालच्या मैदानाच्या बाजूने, सरळ कडे आहेत. चालत शिरायची वाट उत्तरेच्या पठारावरून. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अकोल्याकडच्या अडगावला इंग्रजांपुढे नागपूरकर भोसल्यांची फौज मोडली. मग इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेला तळ देऊन बसला आणि त्याचा सहकारी स्टीव्हन्सन याने डोंगरातून तोफा ओढत उत्तरेला नेल्या. 15 डिसेंबरला किल्ला पडला. भूगोल ज्याला आधी कळला, त्याचा गड.

किल्ल्याच्या नावातले गवळी अजून आहेत. मोथा गावात खव्याची कढई चुलीवर असते. दूध आटत आले की गवळीण उलथणे तळापर्यंत खरवडत फिरवते, बोलते मात्र गिऱ्हाइकाशी. मेळघाटातल्या पलीकडच्या गावांत कोरकू. त्यांची बोली मुंडा कुळातली, त्या कुळाचे पश्चिमेकडचे शेवटचे टोक. तालुक्याची वस्ती लाखाच्या वर, पण तहसील या पाच हजारांच्या गावात. त्यामुळे पर्यटक देवी पॉइंट शोधत असतो, तेव्हा दाखल्यासाठी आलेला कोरकू म्हातारा बस स्टँडवर परतीची गाडी शोधत असतो. माझ्या मते गावाच्या खऱ्या लोकसंख्येत तोही आहे.

आणि पाणी. "पानी लय पडते भाऊ, पन थांबत नाई," टपरीवाला म्हणाला. खाली बेसाल्टचा खडक, बाजूला उतार. चंद्रभागा, शहानूर पूर्णेकडे धावतात. शहानूर धरणाचे पाणी अंजनगाव, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातली गावे पितात, कारण तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. उन्हाळ्यात चिखलदऱ्यात नळाची वाट पाहावी लागते. हॉटेलच्या खोल्या वाढताहेत. टाक्या किती हव्यात हे मात्र पाच हजारांवरून ठरवायचे की शनिवारवरून?

पुढची मोजणीही फेब्रुवारीतच आहे, 2027च्या.