कोलेस्टेरॉल, स्टॅटिन आणि कर्करोग

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन या औषधवर्गाचा इतिहास एका संशयाने आरंभतो. टोकियोच्या सांक्यो कंपनीत आकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० बुरश्यांची पारख करून १९७३ मध्ये कॉम्पॅक्टिन वेगळे केले. १९८० मध्ये मात्र, कुत्र्यांवरील प्रयोगांत त्याने लिंफोमा हा कर्करोग झाल्याच्या शंकेवरून त्याचे काम थांबले आणि ते औषध बाजारात कधीच आले नाही. मर्क कंपनीच्या लोव्हास्टॅटिनच्या चाचण्याही त्यामुळे स्थगित झाल्या. त्याला अमेरिकेत मान्यता मिळण्यास १९८७ साल उजाडले. पुढे त्याच औषधवर्गाकडून कर्करोगाच्या प्रतिबंधाची आशा बाळगली जावी, हा दैवदुर्विलास नव्हे, तरी कौतुकाचा भाग खराच.

या आशेला शास्त्रीय आधार आहे. पेशी मेव्हॅलोनेट नावाचे द्रव्य बनवते आणि त्यापासून कोलेस्टेरॉल तयार होते. स्टॅटिन ही निर्मितीच रोखते. परंतु त्याच द्रव्यापासून काही स्निग्ध शृंखलाही घडतात. रास नामक प्रथिनाला अशी शृंखला जोडली गेली, तरच ते पेशीपटलाला चिकटून वाढीचा संदेश पुढे धाडू शकते. अनेक कर्करोगांत हेच प्रथिन बिघडलेले असते. काचपात्रातील कर्कपेशींची वाढ स्टॅटिनने खुंटते, ती यामुळेही. तथापि तेथे वापरलेली मात्रा पुष्कळदा रुग्णाच्या रक्तात आढळणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पट असते, आणि गिळलेल्या औषधाचा बराच अंश यकृतच शोषून घेते.

इस्राएलमधील २००५ च्या अभ्यासात किमान पाच वर्षे स्टॅटिन घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका ४७ टक्क्यांनी कमी दिसला. आकडा मोहक आहे; पण नियमाने औषध घेणारा मनुष्य वैद्याकडे वेळेवर जाणारा व अन्य बाबतींतही प्रकृतीस जपणारा असण्याचा संभव अधिक. शिवाय, ‘पाच वर्षे औषध घेतलेला’ ठरण्यासाठी आधी तेवढा काळ जगावे लागते. काही अभ्यासांत हा काळ हिशेबात धरण्याची चूक औषधाच्याच पदरी पुण्य टाकते. चिठ्ठ्या टाकून केलेल्या वाटणीत असा दोष उरत नाही. अशा २७ चाचण्यांतील सुमारे १,७५,००० व्यक्तींची माहिती २०१२ मध्ये एकत्र तपासली असता, सरासरी पाच वर्षांत स्टॅटिनने कर्करोग वाढलाही नाही आणि घटलाही नाही. जुना संशय निवाला, नवी आशाही मंदावली. अर्थात, दशकानुदशके मुरणाऱ्या रोगासाठी पाच वर्षे अपुरी, हा आक्षेप अद्याप उभा आहे.