विचारायला कुणी नसतं तेव्हा

वाचनाच्या वाटा : लेखांक ७

फास्टर फेणे कधीच मोठा झाला नाही. भा. रा. भागवतांनी त्याच्यावर वीस पुस्तकं लिहिली. त्या सगळ्यांत फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकत राहिला, सायकल दामटत राहिला, बदमाशांच्या मागे लागत राहिला आणि एक भानगड मिटली की 'टॉक्' करून दुसरीला मोकळा झाला. दहा वर्षांच्या वाचकाला हेच हवं असतं. कितीही संकटं येवोत, पुस्तक मिटताना सगळं जिथल्या तिथे असलं पाहिजे.

तेराव्या-चौदाव्या वर्षी मात्र या जिथल्या तिथेचा संशय यायला लागतो. आजोबा जातात, जिवलग मित्र दुसऱ्या शाळेत जातो, आईबाबांची भांडणं भिंतीपलीकडून नीट ऐकू येतात आणि कळतातही. अशा वाचकाला फेणे अजून आवडतो, पण पुरत नाही. मग एक दिवस तो वाचायचा थांबतो आणि घरात जाहीर होतं, 'मोबाइल आला नि ह्याचं वाचन सुटलं.' मोबाइलचा दोष आहेच, पण पुष्कळदा झालेलं असतं एवढंच की त्याच्यासाठी लावलेलं फडताळ तिथे संपलेलं असतं. पुढच्या फडताळात काय? 'स्वामी', 'मृत्युंजय', 'छावा'. तिन्ही वाचावीतच, पण त्यांतली माणसं पहिल्यापासूनच उंचीवर उभी असतात. कर्णाचं दुःख चौदा वर्षांच्या पोराला भारून टाकतं, पण उद्या शाळेत वर्गातल्या दादाशी कसं वागायचं याचा त्यात पत्ता लागत नाही. आणि हे नको असेल, तर वाढदिवसाला यशाच्या पायऱ्या सांगणारं एखादं पुस्तक मिळतं, ते मिळाल्याबद्दल आभार मानून झाले की कपाटात जातं.

साहसकथा आणि वयात येण्याची कथा असे दोन वेगळे कप्पे करायची सवय आपल्याला आहे. एकात जंगल, जहाज, खजिना आणि दुसऱ्यात हळवेपणा, पहिलं प्रेम, आईशी अबोला. या वयासाठी पुस्तकं निवडताना मला हे कप्पे उपयोगाचे वाटत नाहीत. मी एकच गोष्ट पाहतो : या पुस्तकातल्या पोरावर अशी वेळ येते का, की काय करू हे विचारायला जवळ कुणी मोठं माणूस नाही, किंवा आहे पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही? आणि त्या वेळी त्याने जे केलं ते पुढे पुसता येतं का? पुसता येत नसेल तर पुस्तक द्यावं. मग ते कोकणातल्या परसात घडो की कॅरिबियन बेटावर.

या कसोटीवर पहिलं नाव 'पाडस'चं. मार्जोरी किनन रॉलिंग्ज ही अमेरिकन लेखिका 1928 मध्ये फ्लोरिडात क्रॉस क्रीक इथे संत्र्यांची बाग घेऊन राहायला गेली. आसपासच्या झाडोऱ्यात राहणाऱ्या शिकारी-शेतकरी कुटुंबांत ती मिसळली, त्यांची बोली, त्यांचं खाणं, त्यांची भीती तिने जवळून पाहिली. त्यातून 1938 मध्ये 'द इयरलिंग' आलं आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. मराठीत ते आणलं 'सत्यकथा'चे संपादक राम पटवर्धन यांनी. दुसऱ्यांच्या लेखनावर आयुष्यभर बारकाईने काम केलेल्या माणसाचं हे मराठी आहे. पानापानावर ते जाणवतं.

गोष्ट एका वर्षाची. बारा वर्षांचा ज्योडी, त्याचा बाप पेनी आणि करवादलेली आई रानातल्या एकाकी वस्तीवर राहतात. या बाईची आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून ती उरलेल्या एकावर जीव टाकायला भिते. हे लेखिका सांगत बसत नाही, वाचकाने ओळखायचं. एके दिवशी पेनीला विषारी साप चावतो. तो तिथल्या तिथे एक हरिणी मारतो आणि तिचं काळीज जखमेवर ठेवून विष ओढून घेऊ पाहतो. (सर्पदंशावर हा उपाय कुणी करू नये. सरळ दवाखाना गाठावा. पण त्या रानात त्या काळी लोक हेच जाणत होते.) पेनी वाचतो. हरिणीचं पोरकं पाडस ज्योडी घरी आणतो.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल, प्राणिप्रेमाची गोड गोष्ट आहे. पाडस मोठं होतं आणि शेतातलं कोवळं पीक खातं. या घरात पीक म्हणजे वर्षभराचं अन्न आहे, दुकान जवळ नाही, उधार देणारं कुणी नाही. बाप दुखापतीने अंथरुणाला खिळलेला. ज्योडी एकटा पुन्हा पेरणी करतो, कुंपण उंच करतो, हात सोलवटेपर्यंत राबतो. पाडस तेही कुंपण ओलांडतं. मग तो प्रेमळ, समजूतदार बाप पोराला सांगतो की याला रानात ने आणि गोळी घाल. ज्योडीच्याने ते होत नाही. बंदूक चालवता न येणारी आई गोळी झाडते आणि पाडस नुसतंच जखमी होतं. शेवटची गोळी ज्योडीलाच घालावी लागते.

यानंतरची पानं मला त्याहून मोलाची वाटतात. ज्योडी बापाला तोंडावर सांगतो की मला तुझा तिरस्कार वाटतो, आणि घर सोडून मोडक्या होडीतून नदीने निघतो. पोटात अन्न नाही. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की आई सतत कशाला भीत होती, भूक म्हणजे काय. तो परत येतो. पहिल्या प्रकरणात त्याने झऱ्यावर काटक्यांची एक इवलीशी पाणचक्की केलेली असते आणि तिच्याकडे पाहत तो तासन्तास रमलेला असतो. परतताना तो पुन्हा तशीच चक्की करतो. चक्की फिरते, पण आता तिच्यात काहीच उरलेलं नाही. बापाने अन्याय केला का? आईचं चुकलं का? माझ्या ओळखीतल्या एका नववीतल्या मुलीने हे पुस्तक संपवून दोन दिवस आपल्या बाबांशी अबोला धरला होता. कादंबरीवरचा याहून चांगला अभिप्राय मी वाचलेला नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं 'ट्रेझर आयलंड'. स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी पावसाळी सुटीत सावत्र मुलासोबत बसून रंगवलेल्या एका नकाशातून ते सुचलं. 1881-82 मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आणि 1883 मध्ये पुस्तकरूपाने आलं. मराठीत त्याची संक्षिप्त रूपं पुष्कळ आहेत, पण शक्य असेल त्याने मूळ इंग्रजीच वाचावं. संक्षेपात खजिना शिल्लक राहतो आणि लाँग जॉन सिल्व्हर हरवतो. हा एका पायाचा आचारी बापाविना पोरक्या झालेल्या जिमला जहाजावर सर्वांत प्रेमाने वागवतो आणि जिमला सफरचंदांच्या पिंपात बसून त्याच माणसाचा खुनी बेत ऐकावा लागतो. पुढे जिम कुणाला न विचारता एकटा निसटतो, जहाजाचा दोर कापतो, एका माणसाचा जीव घेतो. सिल्व्हर शेवटी पकडला जात नाही, थोडी नाणी घेऊन पसार होतो आणि जिमला त्याचं वाईटही वाटत नाही. गोड बोलणारा माणूस दगा देऊ शकतो आणि दगा देणाऱ्या माणसाचाही लळा लागू शकतो, हे तेराव्या वर्षी कळलेलं बरं.

मराठीत मूळचं असं काय आहे? आहे, फक्त ते 'किशोर' असा शिक्का मारून दुकानात ठेवलेलं नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 ची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला गेलेला कोवळा मास्तर हा तिचा निवेदक. शाळेत पोरं नाहीत, गावाला शाळेची गरज नाही आणि भांडण सोडवण्यापासून कागदपत्रं वाचून देण्यापर्यंत सगळे त्याच्याकडे येतात, कारण तो शिकलेला आहे. आपल्याला काही येत नाही हे एकट्या त्यालाच माहीत. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी उठते, आणि त्याने जे काही उभं केलं ते रिकाम्या घरांच्या मधोमध राहतं. पुस्तक जेमतेम दीडशे पानांचं. जाड पुस्तकाला बिचकणाऱ्या पोराला आधी हेच द्यावं.

दहावी झालेल्यांसाठी प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंगढांग' (1981). मुंबईतली चाकोरी सोडून विश्वनाथ मेहेंदळे हा तरुण इंजिनिअर सीमेवर रस्ते बांधणाऱ्या दलात जातो. हिमालयात, सतलजच्या खोऱ्यात, उभ्या कड्यातून रस्ता कोरायचा आहे. सुरुंग, दरडी, बर्फ, मजुरांचे मृत्यू. थरार हवा असणाऱ्याची इथे ददात नाही. पण पुस्तकाचा जीव आहे तो विश्वनाथच्या हट्टात. वरिष्ठांचा हुकूम एक सांगतो, त्याचं इंजिनिअरिंग आणि त्याचं मन दुसरंच सांगतं, आणि प्रकरण लष्करी न्यायालयापर्यंत जातं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी दोन वर्षं क्लासला कोंडलेल्या मुलांना ही कादंबरी कुणी देत नाही याचं मला नवल वाटतं. हे काम म्हणजे नेमकं काय आणि ते करणाऱ्या माणसावर काय जबाबदारी येते, हे तिच्याइतकं नीट कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नाही.

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'बद्दल (2004) पालक चाचरत विचारतात, कारण त्यात नववीतला मुकुंद जोशी शिरोडकर नावाच्या मुलीच्या प्रेमात आहे आणि त्याच्या टोळक्याची भाषा काही साजूक तुपातली नाही. माझं उत्तर : जरूर द्या. ज्या भाषेपासून तुम्ही मुलाला जपता आहात, ती त्याला सहावीपासून येते. आणीबाणीचा काळ आहे, वडीलधारे दबक्या आवाजात बोलताहेत आणि या पोरांची सारी मोहीम एवढीच की ती कुठल्या रस्त्याने क्लासला जाते. त्या मोहिमेतही पाळत, निरोप, मारामारी, पकडले जाणं असं साहसकथेतलं सगळं येतं. आणि जे हरवतं ते परत मिळत नाही.

आनंद यादवांची 'झोंबी' (1987, पुढे साहित्य अकादमी पुरस्कार) आत्मचरित्रात्मक आहे, म्हणून ती आपण मोठ्यांच्या कप्प्यात टाकून दिली. कागलच्या मळ्यात बापाने जुंपलेलं पोर शाळेत जायला मिळावं म्हणून आईला हाताशी धरून गावातल्या वजनदार माणसामार्फत बापावर डाव टाकतं. हा भाग हिंदीत 'जूझ' या नावाने केंद्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या पुस्तकात देशभरची मुलं वाचतात. आपल्याकडच्या मुलांनी तो मुळातून, पूर्ण, कागलच्या बोलीसकट वाचावा. पहिली तीस पानं बोलीमुळे अडखळायला होईल, पुढे होत नाही.

मुलींचं काय, हा प्रश्न टाळता येत नाही. मराठीत स्वतःच्या बळावर घराबाहेर पडून काही करणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीची साहसकादंबरी सुचवा म्हटलं, तर मी बराच वेळ गप्प राहतो. शांता शेळके यांनी मराठीत आणलेलं लुइसा मे अल्कॉटचं 'चौघीजणी' आहे, आणि त्यातली ज्यो आजही मुलींना आपली वाटते. इंग्रजी वाचणारीला फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स' (1995) द्यावं. त्यातली लायरा बेधडक खोटं बोलते, उत्तर ध्रुवाकडे निघते, अस्वलांच्या राजाला आपल्या थापेने गुंडाळते आणि मित्राला वाचवायला म्हणून नेमकी त्याच्यावर काळ ओढवून आणते. मुलांनीही ते वाचावं हे सांगायला नको. मराठी लेखिकांपैकी कुणाच्या मनात अशी मुलगी असेल, तर तिने आता ती फार काळ मनात ठेवू नये.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांचं 'चाँदेर पाहाड' (1937) हिंदी-इंग्रजीत सहज मिळतं. बंगालच्या खेड्यातला शंकर आफ्रिकेत रेल्वेच्या एका निर्जन स्थानकावर नोकरी धरतो. तिथे सिंह फिरतात. पुढे हिऱ्यांच्या शोधात तो डोंगरात शिरतो, सोबतचा अनुभवी पोर्तुगीज मरतो आणि हा एकटा उरतो. लेखक आफ्रिकेत कधी गेलेच नव्हते, भूगोल त्यांनी पुस्तकांतून उभा केला. हे मुलांना आधी सांगू नये, वाचून झाल्यावर सांगावं. तोंड बघण्यासारखं होतं.

देण्याच्या पद्धतीबद्दल थोडंच. पुस्तक संपल्यावर 'काय शिकलास?' हा प्रश्न विचारणारा माणूस पुढच्या पुस्तकाचा गळा आवळतो. पन्नास पानांनंतर आवडलं नाही तर सोडायची मुभा असावी, आपणही सोडतोच. 'ट्रेझर आयलंड'चं पहिलं प्रकरण मात्र मोठ्याने वाचून दाखवावं, पंधरा वर्षांच्या मुलालासुद्धा. तो आधी हसेल, मग पुस्तक हातातून घेईल. आणि तुम्ही स्वतः ते वाचलेलं असलं पाहिजे, नाहीतर 'पाडस' संपल्यावर घरात जो वाद होईल त्यात तुमच्याकडे बोलायला काही नसेल.

पुढच्या आठवड्यात रहस्यकथा : अशोक जैन यांनी मराठीत आणलेला फेलूदा, बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार, आणि चौदाव्या वर्षी अगाथा ख्रिस्ती नेमकी कुठून सुरू करावी.