पाणी मिठामागून जाते

सुमारे ७० किलो वजनाच्या निरोगी पुरुषाच्या देहात जे ४२ लिटर पाणी असते, त्याचा दोन तृतीयांश हिस्सा पेशींच्या आत आणि उरलेला पेशींभोवती व रक्तात असतो. या दोहोंमधील पेशीपटलातून पाणी सहज ये-जा करीत असताही ही वाटणी ढळत नाही, याचे कारण असे की देह पाण्याचा बंदोबस्त क्षारांच्या द्वारे करतो. क्षार अधिक तिकडे पाणी ओढले जाते. म्हणून बाहेर सोडियम आणि आत पोटॅशियम राखले की पाणी आपापल्या हद्दीत राहते.

परंतु सोडियम अखंड आत झिरपत असते, आणि ते साचू दिल्यास त्यामागून पाणी शिरून पेशी फुगेल व अखेर फुटेल. हे अरिष्ट टाळणारे विकर डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंत हुडकून १९५७ साली प्रसिद्ध केले. दर फेरीस ते सोडियमचे तीन आयन बाहेर घालवते, पोटॅशियमचे दोन आत घेते आणि त्यापायी पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्ची टाकते. आपण गाढ झोपेत असतो तेव्हाही या खर्चाला खंड नसतो. स्कोऊ यांना नोबेल पारितोषिक मिळण्यास मात्र १९९७ साल उजाडावे लागले.

पटकीच्या रोगात हानी होते ती मुख्यतः पेशींबाहेरील पाण्याची व क्षारांची. पेशींतील साठा बव्हंशी शाबूत असूनही रक्त आटल्यामुळे रोगी दगावतो, ही मला या रोगातील सर्वांत विदारक गोष्ट वाटते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेतून देण्याचे द्रावण संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून रुग्णांना पाजविले, आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते चारच्याही खाली आले. पटकीतही आतड्याची एक वाट खुली राहते: ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आत शिरते आणि त्यामागून पाणी. अशा द्रावणातील, म्हणजे जलसंजीवनीतील, साखर शक्तीसाठी असते हा समज म्हणूनच अपुरा आहे. ती बेसुमार घातल्यास उलट देहातील पाणी आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने या द्रावणातील ग्लुकोज व सोडियम या दोहोंचे प्रमाण घटविले.