निशाण बदलले, विमानाचे काय?

भिंगारहून नगरच्या स्थानकावर गेलात, तर परराज्यात जाणारी एसटी दिसते. ती हद्द ओलांडू शकते, कारण दोन राज्यांनी आपसात करार करून मार्ग आणि फेऱ्या ठरवलेल्या असतात. विमानाचेही तसेच, फक्त तिथे करार दोन देशांत होतो. 1944 च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देश आपल्या आकाशाचा मालक असतो. त्याच्या परवानगीशिवाय परदेशाची नियमित विमानसेवा तिथे चालू शकत नाही.

मग एखाद्या प्रदेशाचा मालकच बदलला तर?

आपल्या शेजारचे उदाहरण गोव्याचे. पोर्तुगिजांनी 1955 मध्ये दाबोळी विमानतळ सुरू केला. तिथून कराचीला विमाने जात. पण गोवा सोडण्याविषयी बोलायलाच लिस्बन तयार नव्हते. मग विमानसेवेच्या वाटाघाटी कुठल्या? 18 डिसेंबर 1961 रोजी आपल्या हवाई दलाने धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्याच रात्री तिथली दोन पोर्तुगीज विमाने अंधारात कराचीकडे निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगीज विमानसेवा कायमची संपली.

हाँगकाँगचे उलट झाले. ब्रिटन आणि चीन यांनी 19 डिसेंबर 1984 रोजी, योगायोगाने गोवा मुक्तिदिनीच, संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सत्तांतर 1 जुलै 1997 रोजी व्हायचे होते. तोवर हाँगकाँगची उड्डाणे ब्रिटनच्या करारांवर चालत. त्या दिवसापासून ते करार तिथे लागू राहणार नव्हते. म्हणून हाँगकाँगनेच प्रत्येक देशाशी स्वतंत्र करार करावा, ब्रिटनने त्याला अधिकार द्यावा आणि चीनने संमती द्यावी, असे ठरले.

गाठ एका कलमाशी होती. विमान कंपनीची मालकी त्या देशाच्या नागरिकांकडे हवी, असे अशा करारांत सहसा असते. हाँगकाँग तर देशच नाही! शिवाय तिथल्या कॅथे पॅसिफिकमध्ये मोठा वाटा ब्रिटिश स्वायर समूहाचा. तेव्हा कंपनीची नोंदणी आणि मुख्य कारभार हाँगकाँगमध्ये असला की पुरे, असा तोडगा निघाला.

पहिला करार 1986 मध्ये नेदरलँड्सशी झाला. अमेरिकेशी सह्या व्हायला मात्र एप्रिल 1997 उजाडला. सत्तांतराला तीन महिनेही उरले नव्हते.

निशाण मध्यरात्री उतरते. सकाळच्या विमानाचे तिकीट हाती असलेल्या प्रवाशासाठी मात्र कागदाची तयारी दहा-बारा वर्षे आधी सुरू करावी लागते.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)