अमृता नावाची वेल

आमच्या गावाकडच्या घरामागं एक कडुनिंब होता आणि त्याच्यावर गुळवेल चढलेली होती. घरात कुणाला ताप आला की दादी मला हाक मारायची, "जा रे, अंगठ्याएवढी जाड कांडी आण." ती कांडी ठेचून रात्रभर पाण्यात भिजत घालायची. सकाळी ते कडू पाणी नाक दाबून प्यायचं. तीन दिवस, फार तर पाच. मग दादी स्वतःच म्हणायची, "अब बस."

गुळवेल आपल्याकडे कुंपणावर, बांधावर, जुन्या झाडांवर सहज दिसते. पान हृदयाच्या आकाराचं. खोडाची साल कागदासारखी पातळ, ती खरवडली की आत हिरवा रंग. उंचावरून ती दोऱ्यासारखी मुळं खाली सोडते. तोडून टाकलेला तुकडाही पुन्हा फुटतो, म्हणून संस्कृतात तिला 'छिन्नरुहा' म्हणतात. 'गुडूची' आणि 'अमृता' ही तिचीच नावं. खोड ठेचून पाण्यात कोळलं की तळाशी पांढरा साका बसतो. तो वाळवला की वैद्यांचं गुळवेल सत्त्व होतं आणि हकिमांचं सत-ए-गिलो. नावं दोन, पुडी एकच. जुना ताप, मधुमेह, सांधेदुखी यांवर दोघंही ती देत आले.

आधुनिक विज्ञानानंही या वेलीकडे पाठ फिरवली नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर बरंच संशोधन केलं. 'फुलवा' आणि 'वृक्षगान' लिहिणाऱ्या त्याच डहाणूकर. पित्ताचा मार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया जंतुसंसर्गामुळे धोक्याची होते. अशा रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेल दिली, तेव्हा ते संसर्गाला अधिक चांगलं तोंड देऊ शकले, असं १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. अभ्यास लहान होता, पण वेल शरीराच्या संरक्षक पेशींना जागं करते, हा धागा त्यातून पुढे आला.

मग २०२० साल आलं. करोनाच्या भीतीनं घरोघरी काढे उकळू लागले. माझी थोरली बहीण, आमची आपा, रोज दोन वेळा गुळवेलीचा काढा घ्यायची. एक-दोन नव्हे, पाच महिने. पुढं तिची भूक गेली, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी विचारलं, "कोणती औषधं घेता?" आपा म्हणाली, "थायरॉईडची एक गोळी. बाकी काही नाही." काढा तिनं औषधात धरलाच नव्हता! तो बंद केल्यावर ती हळूहळू सावरली. तिच्या काविळीला काढाच कारण होता, असं डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. पण पुन्हा घेऊ नका, एवढं मात्र बजावलं.

२०२१ साली मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या आणि यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तिला आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी तर नव्हती, हा त्यांचा प्रश्न होता. तो रास्तच होता, कारण तिच्या एका भाऊबंद वेलीच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात आणि नवख्या माणसाची फसगत होऊ शकते. पण २०२२ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यातही तीच शंका बळावली. त्यातल्या अनेकांच्या शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. म्हणजे जो गुण संसर्गाशी लढायला उपयोगी पडतो, तोच काहींच्या बाबतीत आगीत तेल ओततो.

म्हणून वेलीला दोष द्यायचा का? तसं मला वाटत नाही. दादीच्या औषधात वेलीइतकंच महत्त्व तिच्या 'अब बस'ला होतं. आपण कांडी घेतली आणि ते दोन शब्द विसरलो. ज्यांना यकृताचा, थायरॉईडचा किंवा संधिवाताचा आजार आहे, त्यांनी विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही जपावं, कारण ती रक्तातली साखर उतरवू शकते. आणि डॉक्टरांनी औषधं विचारली की काढ्याचं नाव आधी सांगावं.

कडुनिंबावरची ती वेल अजून आहे. आपा गावी गेली की तिला पाणी घालते, पण कांडी तोडत नाही.