प्रोजेक्टरचा मेनू : पडद्यावर पानाचा खरा रंग कसा आणायचा



कंपनीचा प्रोजेक्टर सध्या गावोगावच्या गटांकडे फिरतोय. सोयाबीन महिनाभराचं झालंय, पानं पिवळी पडल्याचे फोन रोज येतायत, त्यामुळे बैठकीत सगळ्यात जास्त फोटो पिवळ्या पानांचेच दाखवले जातायत. आणि नेमकं पिवळं पानच प्रोजेक्टरवर सगळ्यात जास्त फसवतं. म्हणून आजचा सल्ला फवारणीचा नाही, प्रोजेक्टरच्या मेनूचा आहे. मेसेज थोडा मोठा झालाय. ज्यांच्या ताब्यात प्रोजेक्टर येणार आहे त्यांनी पूर्ण वाचावा, बाकीच्यांनी निदान कागदाची परीक्षा आणि शेवटचा भाग वाचावा.

*रंगाला एवढं महत्त्व का?*

सोयाबीनचं पान पिवळं पडायची कारणं वेगवेगळी आणि इलाजही वेगवेगळे. लोहाची कमतरता असेल तर शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी होतात, पण शिरा हिरव्याच राहतात. चुनखडीच्या रानात आणि पाणी साचलेल्या ठिकाणी हे जास्त दिसतं. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात आणि शिरांसकट पूर्ण पान फिकं पडतं. पिवळा मोझॅक असेल तर एकाच पानावर हिरवे आणि पिवळे चट्टे वेडेवाकडे मिसळलेले दिसतात. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणू आहे. त्यावर खतही चालत नाही आणि लोहाची फवारणीही चालत नाही. रोगट झाड उपटून काढायचं आणि माशीचा बंदोबस्त करायचा, एवढंच हातात असतं.

म्हणजे सगळा निकाल बारीक हिरव्या शिरेवर आणि चट्ट्याच्या कडेवर अवलंबून. मागे एका गावात सभागृहाच्या पिवळ्या डिस्टेंपरच्या भिंतीवर फोटो दाखवले. मागच्यांना दिसेना म्हणून कुणीतरी मेनूत जाऊन ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवला. लोहाच्या कमतरतेचं पान पडद्यावर नुसतं पिवळंधमक दिसलं, शिरा गायब. एका काकांनी ते बघून आपल्याकडे नत्रच कमी आहे असं धरलं आणि दुसऱ्या दिवशी युरियाची गोणी बांधावर नेऊन ठेवली. शेतात जाऊन पान हातात घेतलं तर शिरा हिरव्यागार होत्या. गोणी परत घरी आली, पण प्रत्येक वेळी वेळेवर कुणी शेतात पोचेलच असं नाही.

*मेनू उघडायचा कसा*

रिमोटवर आणि प्रोजेक्टरच्या अंगावर, दोन्हीकडे मेनूचं बटण असतं. दाबलं की भिंतीवर चित्राच्या वरच एक चौकट उघडते. डावीकडे किंवा वर विभागांची यादी, बाजूला त्या विभागातल्या गोष्टी. बाणांच्या बटणांनी फिरायचं, मधलं बटण म्हणजे एंटर, आणि एस्केप किंवा बॅक म्हणजे एक पायरी मागे. थोडा वेळ काही दाबलं नाही तर मेनू आपोआप जातो, बिघडलं असं समजू नका. मेनू इंग्रजीत असतो, म्हणून इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय. कंपनीनुसार नावं थोडी बदलतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. लॅपटॉप किंवा मोबाईल आधी जोडा, चित्र येऊ द्या, मग मेनू उघडा. चित्र आलेलं नसताना रंगाचे बरेचसे पर्याय फिके दिसतात आणि दाबले तरी चालत नाहीत. आणि काहीही बदलण्याआधी मेनूच्या त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे गोंधळ झाला तर परत तेच आकडे लावता येतात.

*कागदाची परीक्षा*

मेनूत हात घालण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. पडद्यावर कोरं पांढरं पान आणा. लॅपटॉपवर रिकामी स्लाइड उघडली तरी चालेल. आता एक साधा पांढरा कागद भिंतीला टेकवून त्या उजेडात धरा.

कागद पांढरा दिसला आणि आजूबाजूची भिंत पिवळट किंवा हिरवट दिसली, तर दोष भिंतीचा. मेनूत काही करायची गरज नाही, पांढरी चादर सुरकुत्या न पडू देता ताणून बांधा. शाळेच्या खोल्यांना आणि देवळाच्या सभामंडपाला हौसेने रंग दिलेले असतात, त्यामुळे आपल्याकडे निम्म्या वेळा दोष इथेच निघतो. चुना दिलेली भिंत मिळाली तर उत्तम.

कागदही रंगीत दिसला तर दोष प्रोजेक्टर, केबल किंवा लॅपटॉपचा. आता मेनू उघडा आणि मेनूची पांढरी अक्षरं बघा. मेनूचं चित्र लॅपटॉपमधून येत नाही, प्रोजेक्टर ते स्वतःच तयार करतो. त्यामुळे मेनूची अक्षरं स्वच्छ पांढरी आणि मागचा फोटो मात्र रंग बिघडलेला, असं दिसलं तर आधी केबल आणि लॅपटॉप तपासायचे. मेनूची अक्षरंही रंगीत दिसत असतील तर प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये किंवा आतच काहीतरी आहे. ही युक्ती मला सगळ्यात आवडते, कारण तिला काही साहित्य लागत नाही.

*केबल*

दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली आणि बहुतेक वेळा निळ्या तोंडाची जी केबल असते तिला व्हीजीए म्हणतात. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळ्या पिनांमधून येतात. एक पिन वाकली किंवा नीट बसली नाही की तेवढाच रंग गळतो. आता गंमत बघा. प्रोजेक्टर पिवळा रंग लाल आणि हिरव्यातून बनवतो. लाल पिन सुटली तर पिवळं पान पडद्यावर हिरवं दिसेल, म्हणजे रोगट झाड निरोगी वाटेल. हिरवी पिन सुटली तर तेच पिवळं पान लाल दिसेल आणि कुणीतरी म्हणेल, हा तर कपाशीसारखा लाल्या आला! निळी सुटली तर पांढरं सगळं पिवळं. अशा वेळी मेनूत कितीही रंग कमी-जास्त करा, गळालेला रंग परत येत नाही. केबल काढून पिना बघा, नीट बसवा, स्क्रू आवळा.

एचडीएमआय केबलमध्ये सहसा एकच रंग असा गळत नाही. तिच्यात चित्र येतं, मध्येमध्ये तुटतं किंवा येतच नाही. ज्यांच्या लॅपटॉपला दोन्ही जागा आहेत त्यांनी एचडीएमआयच वापरावी. लॅपटॉपवर संध्याकाळी आपोआप चालू होणारा नाईट लाईट असेल तर तोही बंद करा, तो मुद्दाम पिवळेपणा आणतो.

*कलर मोड*

केबल ठीक असेल तर मेनूत इमेज किंवा पिक्चर या विभागात जा. तिथे कलर मोड किंवा पिक्चर मोड असतो. त्यात डायनॅमिक किंवा ब्राइट, प्रेझेंटेशन, सिनेमा किंवा मूव्ही, एसआरजीबी अशी नावं दिसतील.

डायनॅमिक सगळ्यात उजळ दिसतो म्हणून सगळे तोच लावून ठेवतात. पण जास्तीत जास्त उजेड काढायच्या नादात बऱ्याच प्रोजेक्टरमध्ये तो चित्र हिरव्याकडे झुकवतो. लग्नाचा व्हिडिओ किंवा भाषणाच्या स्लाइड दाखवायला हरकत नाही. पिवळ्या पानाच्या फोटोवर हिरवी झाक आली तर मात्र आजार सौम्य वाटायला लागतो. पिकाचे फोटो दाखवायचे असतील तर एसआरजीबी लावा, तो नसेल तर सिनेमा. चित्र थोडं मंद होईल, ते चालेल.

काही प्रोजेक्टरमध्ये ब्लॅकबोर्ड नावाचाही मोड असतो. तो शाळेच्या हिरव्या फळ्यावर चित्र नीट दिसावं म्हणून रंग मुद्दाम उलट्या बाजूला ढकलतो. कुणी चुकून लावून ठेवला असेल तर पांढऱ्या चादरीवर सगळं गुलाबट दिसतं.

*ब्राइटनेस वाढवल्याने उजेड वाढत नाही*

हे जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मेनूतला ब्राइटनेस दिव्याची ताकद वाढवत नाही. तो फक्त चित्रातला गडद भाग फिका करतो. काळं होतं ते राखाडी होतं, गडद हिरवी शीर फिकी होऊन पिवळ्यात मिसळते. कॉन्ट्रास्ट उलट्या बाजूने काम करतो. तो फार वाढवला तर उजळ भाग पांढराफट्ट होतो, मोझॅकचे फिके चट्टे आणि मधला पिवळेपणा एकच दिसायला लागतो. कलर सॅच्युरेशन वाढवलं तर हलकी पिवळसर छटासुद्धा हळदीसारखी दिसते. हे तिन्ही आकडे मूळ जागीच असू द्या. कुणी हलवले असतील तर त्याच विभागात खाली रिसेट असतं, ते फक्त चित्राची सेटिंग मूळ जागी आणतं.

खरा उजेड हवा असेल तर पॉवर कन्झम्प्शन किंवा लॅम्प मोडमध्ये जाऊन इको ऐवजी नॉर्मल लावा. पंख्याचा आवाज वाढेल आणि दिव्याचं आयुष्यही कमी होतं, त्यामुळे फोटोंपुरतंच ठेवा. त्याहून सोपा उपाय म्हणजे प्रोजेक्टर भिंतीच्या जवळ घेऊन चित्र लहान करा. चित्राची रुंदी निम्मी केली की उंचीही निम्मी होते, तोच उजेड पाव जागेत पडतो, म्हणजे चित्र ४ पट उजळ. आणि बैठक अंधार पडल्यावर घ्या. मोठं चित्र सगळ्यांना आवडतं हे मला माहीत आहे, पण १० फुटी फिक्या पानापेक्षा ५ फुटी ठसठशीत पान कधीही चांगलं.

*चित्र ताणलेलं, तिरकं किंवा उलटं*

ॲस्पेक्ट हा पर्याय ऑटो किंवा नॉर्मल ठेवा. फुल लावलं तर काही वेळा चित्र आडवं ताणलं जातं. मक्यावरच्या लष्करी अळीच्या शेपटीजवळचे ४ ठिपके चौकोनात असतात, हीच तिची ओळख. चित्र ताणलं की चौकोनाचा आयत होतो आणि वाद सुरू होतो. मोबाईलवरून दाखवत असाल तर मोबाईल आडवा धरा.

चित्र वर रुंद आणि खाली अरुंद दिसत असेल तर कीस्टोन नावाचा पर्याय ते सरळ करतो, पण थोडा बारकावा खातो. आधी टेबलाची उंची वाढवा, प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ ठेवा, राहिलंच तर कीस्टोन.

चित्र डोक्यावर उभं राहिलं तर प्रोजेक्शन या पर्यायात फ्रंट लावा. सीलिंग हा पर्याय छताला उलटा टांगलेल्या प्रोजेक्टरसाठी असतो. एपसनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ए/व्ही म्यूटचं बटण ५ सेकंद दाबून धरलं की चित्र उलटं होतं, आणि एकदा दाबलं की पडदा काळा होतो. प्रोजेक्टर बंद पडल्याचे निम्मे फोन याच बटणाचे असतात. पोरांच्या हातात रिमोट देऊ नका, एवढंच सांगते.

*कशाला हात लावायचा नाही*

रिसेट लॅम्प अवर्स. दिवा किती तास जळला याची नोंद तिथे असते. नवीन दिवा बसवल्याशिवाय ती शून्यावर आणायची नाही, नाहीतर दिवा बदलायची सूचना वेळेवर मिळत नाही आणि फार जुना झालेला दिवा गरम असताना फुटू शकतो. रिसेट ऑललाही हात लावू नका, त्याने सगळ्याच सेटिंग जातात.

बैठक संपली की पॉवरचं बटण दाबून बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत वायर ओढू नका. मध्येच लाईट गेली तर दिवा थंड होऊ द्या, लाईट आली की लगेच चालू करायची घाई नको. प्रोजेक्टर सुरू असताना भिंगात कुणीही डोकावायचं नाही, लहान मुलांना तर समोरून फिरूच देऊ नका.

*बैठकीत शेवटी एवढं करा*

रानातून एक निरोगी पान आणि एक पिवळं पान सोबत घेऊन या. फोटो दाखवायच्या आधी निरोगी सोयाबीनचा फोटो लावा आणि निरोगी पान चादरीजवळ, पांढऱ्या उजेडाच्या टॉर्चमध्ये धरा. दोन्ही हिरवे रंग साधारण जुळले तर पुढे जा. जुळले नाहीत तर पुन्हा कागदाच्या परीक्षेपासून सुरुवात करा, ५ मिनिटांचं काम आहे. तेवढा वेळ मंडळी चहा घेतील.

पडदा नीट लागला तरी खत-औषधाचा निर्णय पडद्यावरून घेऊ नका, पान हातात घेऊन दिवसाच्या उजेडात बघा. शंका असेल तर मला फोटो पाठवा. सकाळी, झाडाच्या सावलीत, फ्लॅश न लावता काढा. एकाच झाडाचं शेंड्याचं पान आणि बुडाचं पान, दोन्ही हवेत, आणि पानाची खालची बाजूसुद्धा, कारण पांढरी माशी तिथेच बसते. सोबत पेरणीची तारीख आणि रानात पाणी साचलं होतं का, एवढं लिहा.

प्रोजेक्टर पुढच्या गटाला देताना रिमोट, दोन्ही केबल आणि मेनूच्या मूळ सेटिंगचा फोटो गटप्रमुखांकडे द्यायला विसरू नका.

– तुमची कृषी सल्लागार